आयुधांची आंघोळ

हैदराबादेत मी संकटांवर पोट भरतो. एका बँकेच्या लोकांना अधूनमधून एका खोलीत बसवायचं आणि विचारायचं, उद्या इमारतीला आग लागली तर तुमची माहिती कुठे सापडेल? पूर आला तर? ते जांभया देतात, मी पडद्यावर बाण दाखवतो आणि शेवटी सगळे मिळून बिर्याणी खातो. या कामाला कंपनीत फार भारदस्त नाव आहे. आमच्या आदिलाबादच्या घरात मात्र 'लखन कॉम्प्युटरमधलं कायतरी करते' एवढ्यावर विषय संपायचा, आणि त्या दसऱ्यानंतर तर तेवढंही कोणी म्हणत नाही.

आजोबा बैलगाड्या करायचे. आबा, म्हणजे माझे वडील उद्धवराव, जन्मभर सागवानी दरवाजे करत आले. थोरला भाऊ गोपाल, आमचा दादा, कोरीवकामाचं मशीन चालवतो. मी प्लान लिहितो. पिढीगणिक आमच्या हातातलं हत्यार हलकं होत गेलं.

मागच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आलो तेव्हा मी दुकानासाठीही एक प्लान लिहिला. कोणी मागितला नव्हता. मशीननं दरवाजा कोरायचा तर आधी त्याची नक्षी कॉम्प्युटरवर काढावी लागते, आणि आमच्या सगळ्या नक्ष्या दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवर होत्या. ते पाहून माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं आणि सांगितलं, तीन प्रती पाहिजेत. एक दुकानात, एक घरी, एक गावाबाहेर.

"नक्कल म्हन ना सरळ," आबा म्हणाले. "तहसीलीत जमिनीच्या पहाणीची भेटते तशी."

"तशीच, आबा. आणि एक इंटरनेटवर ठेवू."

"म्हंजे कुठं?"

"ते नेमकं सांगता येत नाही."

"कुठं हाय ते तुलेच सांगता येत नाई, अन् तिथं माझे दरवाजे ठेवतो?"

आबांना नक्षी चोरीला जायची भीती फार. निर्मल गावचा कोणी तरी सुतार आपली वेल उचलेल, या धास्तीनं त्यांनी दुकानात नक्षीचा फोटो काढायलाच बंदी घातली होती. गिऱ्हाइकानं यावं, पडद्यावर पाहावं, चहा प्यावा आणि जावं. मी वाद घातला नाही. इंटरनेटचा मुद्दा खोडला आणि त्या जागी 'गोपनीयता' असा मथळा टाकला, म्हणजे प्लान आणखीच बरा दिसायला लागला.

गावाबाहेरची प्रत कोणाकडे, हा प्रश्न होता. मी निवडली सोजरबाई आत्या. ती बेज्जूरला राहते, आबांपेक्षा मोठी आहे, आणि दिलेली वस्तू उघडून बघत नाही. डिस्क तिच्या हातात दिली तेव्हा तिनं विचारलं, "हे काय हाय रे?" बँकेच्या लोकांना समजावतो तितक्याच तळमळीनं मी म्हणालो, "आत्या, यात आपल्या दुकानाची सगळी विद्या आहे." हे वाक्य मला आवडलं होतं. ते मी नंतर ऑफिसातही वापरलं.

त्या दसऱ्याला मी अष्टमीच्या संध्याकाळी घरी पोचलो. शेजारच्या गल्लीत बायका फुलांची बतुकम्मा मांडून तिच्याभोवती गाणी म्हणत होत्या. आमचा दरवाजा नेहमीप्रमाणे लाथ मारून उघडावा लागला. होय, अख्ख्या जिल्ह्याला कोरीव दरवाजे पुरवणाऱ्या घराला प्लायवूडचं दार आहे. पावसाळ्यात ते फुगतं ते थेट दिवाळीला बसतं. मयूरीवहिनीनं या घरासाठी केव्हाच एक नक्षी काढून ठेवली होती, मोहाच्या फुलांची. आबा दरवेळी म्हणायचे, "एवढी ऑर्डर होऊ दे." मग पुढची ऑर्डर यायची.

वहिनी ओट्यापाशी पुरणाची डाळ निवडत होती. "भाऊजी, तुमाले कायी सांगतलं का यायनं?" तिनं हळूच विचारलं. 'यायनं' म्हणजे दादानं.

"काय?"

"रेडीमेड दरवाजे आणू म्हनून राह्यले. लोखंडाचे. वरून लाकडासारखा रंग. खोक्यात पॅक होऊन येतात, नुसते बसवायचे."

"आणि मशीन?"

"विकायचं. उद्या पूजेनंतर आबा सांगनार हायेत, हो का नाई ते." ती डाळ निवडतच राहिली. "मले म्हनले, तू काउंटरवर बस."

वहिनी बेल्याकडच्या शेतकऱ्याच्या घरची. लग्न होऊन आली तेव्हा आबांच्या नक्ष्यांचे पत्र्याचे फर्मे गंजून चालले होते. ते एकेक करून तिनं कॉम्प्युटरवर उतरवले, कोणाला न विचारता, पोळ्या झाल्यावर. मग तिनं स्वतःच्या काढायला सुरुवात केली. पळसाची पानं, कापसाचं फुटलेलं बोंड, दसऱ्याला दिसावा म्हणून लोक रानात जातात तो नीळकंठ पक्षी. लोक दुकानात येऊन 'बाईची नक्षी' मागायला लागले. आबा तिला तोंडावर कधी चांगलं म्हणाले नाहीत, पण गिऱ्हाइकाला पडदा दाखवताना तिच्या नक्ष्या आधी दाखवायचे. तिला तेवढं पुरत होतं, असं आम्ही सगळ्यांनी सोयीनं धरून चाललो होतो.

"आबा नाही म्हणतील," मी म्हणालो.

"म्हनतील?"

"मी बोलतो त्यांच्याशी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोलण्यानं या घरात आजवर काय काय झालं आहे, ते तिला ठाऊक होतं. ती पुन्हा डाळीकडे वळली.

नवमीला आमच्याकडे आयुधांची पूजा असते. आई गेल्यापासून पूजेचा मान आत्याकडे. त्या सकाळी जे झालं त्यात आत्याचं काही चुकलं नाही, हे मी आजही सांगेन, आणि ती स्वतः तर गल्लीभर सांगते. तिच्या बाजूनं पाहिलं तर सगळं बरोबरच होतं. ज्यानं पोट भरतं ते हत्यार नवमीला देव असतं. रंधा, पटाशी, करवत यांना न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं. आता शिकलेल्या भाच्यानं सांगितलं आहे की दुकानाची सगळी विद्या या काळ्या डबीत आहे. मग ती डबी बेज्जूरला पेटीत ठेवून एकटीनं इकडे यायचं म्हणजे देवाला घरी ठेवून जत्रेला येण्यासारखं. तिनं ती नव्या खणात गुंडाळली आणि बसनं घेऊन आली.

चौरंगावर ती ठेवल्यावर आत्यानं विचारलं, "अशी अजून एक घरी हाय ना? ते कुठं हाय?"

वहिनीनं कपाटातून घरची प्रत आणून दिली.

"अन् मशीन?"

"मशीन कसं आनता, आत्या? ते खोलीएवढं हाय," दादा म्हणाला.

"मंग त्याचं डोकं आन."

दादाला हे पटलं. तो स्कूटरवरून दुकानात गेला आणि कॉम्प्युटरचा डबा पुढ्यात ठेवून घेऊन आला. पूजेला स्वच्छ असावा म्हणून त्यानं त्याचं एका बाजूचं झाकण काढलं, आतली धूळ फुंकली आणि झाकण तसंच बाजूला ठेवून दिलं.

आता मी कुठे होतो? मी तिथेच होतो. माझ्या डोळ्यांदेखत तीन गावांच्या, म्हणजे तीन ठिकाणच्या, तिन्ही प्रती एका चौरंगावर ओळीनं मांडल्या गेल्या, आणि मला ते दृश्य फार सुंदर वाटलं. मी फोटो काढला. ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या घरी बॅकअपलाही देव मानतात.' साहेबांनी लगेच अंगठा दिला. त्या अंगठ्याचं सुख मी अंगणात उभा राहून घेत होतो तेव्हा आत आत्यानं पंचामृताचं भांडं उचललं.

रंध्याला घातलं. पटाशीला घातलं. दोन्ही डिस्कना घातलं. आणि डब्याचं झाकण उघडंच होतं तेव्हा, "आतून बी व्हायले पायजे," म्हणत तिनं दूध, दही, मध, तूप, साखर यांची धार आतल्या हिरव्या पाटीवर मनोभावे सोडली. मग वरून तांब्याभर पाणी. मग गंज चढू नये म्हणून तिळाच्या तेलाचा बोळा.

मी आत आलो तेव्हा वहिनी दारात उभी होती. तिच्या हातात नैवेद्याचं ताट होतं आणि ती चौरंगाकडे पाहत होती. घरच्या डिस्कच्या भोकातून मधाचा एक थेंब लोंबत होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे चालते का असं?"

भिजलेल्या डिस्कला वीज लावायची नाही. कधीही नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. हे माझ्या बँकेच्या शिकवणीतलं पहिलं पान आहे, त्यावर लाल त्रिकोण आहे. मी माझा लॅपटॉप काढला, पिशवीतून वायर काढली आणि डिस्क लावली.

"काही नाही, वहिनी, बाहेरून ओली आहे," असंही म्हणालो.

आतून टिक टिक आवाज आला, मग खर्र, मग काहीच नाही. तज्ज्ञ माणूस एका पुराव्यावर निष्कर्ष काढत नाही. मला वाटलं वायर खराब असेल. म्हणून मी बेज्जूरची डिस्कही लावली. तिनं टिक टिकसुद्धा केलं नाही, नुसता जळका वास सोडला. तोवर दादानं "सरक तू" म्हणून डब्याची वायर भिंतीत घातली आणि बटण दाबलं. फट्ट झालं आणि घरातली वीज गेली. तीन ठिकाणच्या तीन प्रती, तिन्ही मिळून पंख्याला एक गिरकी घ्यायला लागेल एवढ्या वेळात संपल्या.

"पावली वाटते पूजा," आत्या अंधाऱ्या खोलीतून म्हणाली. "कसा धूर निंगाला."

कोणी तरी हसेल असं मला वाटलं. कोणी हसलं नाही.

हैदराबादेत माझा मित्र सुरेंद्र मेलेल्या डिस्कांतून माहिती काढतो. त्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, डिस्क कानाशी धरायला लावली, आणि विचारलं, "भिजल्यावर वीज कोणी लावली?"

"घरातल्या एका माणसानं."

"त्याला सांग, पाणी नव्हतं मारत. त्यानं मारलं."

"तो ऐकतोय," मी म्हणालो.

सुट्ट्यांनंतर घेऊन ये, पण आशा ठेवू नकोस, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

जेवायला बसलो तेव्हा ताटात पुरणपोळी होती. आत्याला आता कळलं होतं. तिनं कपाळाला हात लावला. "पाप झालं बाप्पा माह्या हातून. मले काय मालूम, विद्येले पानी चालत नाई."

"तुमची काय चूक, आत्या," वहिनी म्हणाली.

"चूक याची हाय," दादानं माझ्याकडे बोट केलं. "मोठा प्लान लिवला! एकाच डब्यात होतं तवा काई बिघडलं नवतं. यानं तीन केले, अन् तीनी गेले."

हे अन्यायाचं होतं, पण तर्कात बसत होतं. मी पोळी मोडली.

"तू तर खूश असशील," मी म्हणालो. "तुझ्या लोखंडी दाराला आता वाट मोकळी झाली."

"मी खूश? माह्या बायकोचं काम गेलं अन् मी खूश?" दादाचा आवाज चढला. "लाकडाचा परवाना काढायले तू जातो का फॉरेस्टच्या हापिसात? मी जातो. दिवस दिवस बसतो तिथं बाकड्यावर. तू हैदराबादेत बसून बाण दाखव."

पुढचं आबांनी बोलू दिलं नाही. हात धुतले, पंच्याला पुसले आणि वहिनीकडे न बघता म्हणाले, "मी आज नाई म्हननार होतो गोपालले. मशीन ठेव म्हननार होतो. पर आता कशाच्या जोरावर म्हनू? नक्षीच नाई तर मशीन काय कोरन? हातानं कोरायले माहे हात राह्यले नाई." ते उठले. "होऊ दे गोपालचं."

दादा जिंकला, आणि जिंकल्यावर त्याचं तोंड असं उतरलं की मला त्याच्यावर रागावता येईना.

वहिनी परसात भांडी घासायला बसली होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो. माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं, आणि तरीही मी बोललो. "वहिनी, पुन्हा काढता येतील ना?"

"आठवतात का सगळ्या?" ती म्हणाली. "नीळकंठाची मान कितीदा पुसली होती मी. शेवटी कोनती ठेवली, ते हातालेच मालूम. मले नाई." तिनं कढई पालथी घातली. "भाऊजी, घरात मी सून होतो, बायको होतो. दुकानात तेवढी मी मयूरी होतो. मले रडू येऊन राह्यलं, तुमी जा बरं इथून."

मी गेलो. ओसरीवर आबा खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी पुढे एकदा सांगितलं. त्यांना वाटत होतं, फोटो काढू दिले असते तर बरं झालं असतं. चोर निर्मलहून यायची वाट पाहिली, आणि पूजा करून आपणच घर धुवून काढलं. एखाद्यानं नक्षी चोरली असती तर निदान त्याच्याकडे जाऊन मागता आली असती, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. पडद्यावर नाव पाहून त्यानं कपाळावर आठ्या घातल्या. मंचेरियलचे चंपतराव. कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले, आणि रिटायर झाल्यापासून आमच्या दरवाज्याबद्दल तक्रार करणं हाच ज्यांचा उद्योग, असे.

"उचलू नको," मी म्हणालो.

"नाई उचलला तर तो दुकानात येते," दादा म्हणाला आणि उचलला. चंपतरावांचा आवाज खाणीतल्या सवयीचा, फोन लाऊडवर ठेवायची गरज नव्हती.

"गोपालराव, दार फुगलं! खालून घासून राह्यलं! सणासुदीचं दार उघडत नाई, लक्ष्मी येईन कुठून?"

"चंपतकाका, पावसानं फुगते, ऊन पडलं की..."

"मागच्या खेपेले तुमी म्हनले पुरावा द्या. देऊन राह्यलो पुरावा! फोटो पाठवले. बाजूनं, समोरून, खालून. बघा अन् मंग बोला!"

फोन टुणटुणत राहिला. दादा एकेक फोटो सरकवत होता, फुगलेली कड शोधत होता, आणि माझी नजर त्याच्या खांद्यावरून गेली. दुपारच्या उन्हात चंपतरावांचं दार होतं. वरच्या फळीवर नीळकंठ बसला होता, मान थोडी मागे वळवलेली.

"दादा," मी म्हणालो, "थांब."

"काय?"

मी फोन त्याच्या हातातून ओढला आणि परसाकडे पळालो. वहिनीनं साबणाच्या हातांनीच तो घेतला. मग तिनं बोटानं चित्र मोठं केलं, मानेपाशी आणलं.

"हे ठेवली होती," ती म्हणाली. "हेच मान."

ती उठली, फोन घेऊन ओसरीवर आली आणि सासऱ्यांसमोर आजवर कधी बोलली नव्हती त्या आवाजात फोनवर बोलली. "काका, मी मयूरी बोलतो, गोपालरावच्या घरून. बरोबर समोर उभे राहा. दारावर मोजपट्टी चिकटवा, उभी अन् आडवी. मंग फोटो काढा. अजून एक तुमच्या देवघराच्या दाराचा. ते पळसपानाचं हाय ना?"

चंपतरावांच्या तक्रारीची इतकी दखल घराण्याच्या इतिहासात कोणी घेतली नव्हती. "काढतो ना बाई," ते एकदम मऊ आवाजात म्हणाले. "तुमी दार पाहायले येनार का?"

"येतील ना," वहिनी म्हणाली आणि दादाकडे पाहिलं. "रंधा घेऊन येतील."

फोन ठेवल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. आत्याच सगळ्यांत पुढे. "बेज्जूरले माह्या गल्लीत तुमचे दोन दारं हायेत. एक ते बोंडाचं. मी सांगतो गयाबाईच्या सुनेले, तिच्यापाशी मोठा फोन हाय."

"पर बाकीचे कोनाच्या घरी हायेत, ते कसं समजन?" दादा म्हणाला. गिऱ्हाइकांची यादी, सांगायला नको, त्याच डब्यात होती.

आबा खांबाचं टेकण सोडून सरळ बसले. "जे जे भांडले, ते सारे मले पाठ हायेत," ते म्हणाले. "भुक्तापूरचा मास्तर. कडी उलटी लागली म्हनून बोंबलला होता, त्याचं कमळ. निर्मलचा तो भांडेवाला, रंगावरून भांडला, त्याची वेल. न भांडलेला गिऱ्हाईक माह्या ध्यानात राहत नाई, पर न भांडलेला कोनी हाय कुठं?"

माझ्या बँकेत हे सांगितलं तर मला कामावरून काढतील. तीन ठिकाणी प्रती ठेवा म्हणून मी जीव टाकला, आणि आमच्या मालाची प्रत आधीपासून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दाराला बिजागऱ्यांवर टांगलेली होती. रोज शंभरदा उघडझाप होऊन ती टिकली होती. आम्ही त्या लोकांचे फोन टाळत होतो, एवढंच.

"पण असं कोणाच्याही घरी जाऊन दाराला मोजपट्टी कशी लावायची?" मी विचारलं. "लोक काय म्हणतील?"

"उद्या काय हाय?" आत्या म्हणाली.

उद्या दसरा होता. दसऱ्याला कोणीही कोणाच्याही दारात जातं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. एका पिशवीत सोनं म्हणून वाटायची जम्मीची, म्हणजे शमीची पानं, दुसऱ्या पिशवीत मोजपट्ट्या. दादा आणि मी स्कूटरवर, आबा आणि वहिनी रिक्षात. सोनं द्यायचं, पाया पडायचं, मिठाई खायची, आणि मग विषय काढायचा. मास्तरांनी दार उघडल्याबरोबर, "कडीचं करायले आले का?" असं विचारलं. दादानं तिथेच पाण्याचा घोट घ्यायच्या आधी कडी सरळ केली. आबा त्याच्याकडे पाहत राहिले. एका घरी मारवाडी शेठ हिंदीत म्हणाले, "उद्धवरावजी, पंधरा साल में पहली बार आप खुद आए." आबांनी त्यांना सोनं दिलं आणि आपल्याच दरवाज्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते. मी दुसरीकडे पाहिलं, कारण माझेही भरले होते आणि माझ्या हातात मोजपट्टी होती.

वहिनी प्रत्येक दारासमोर उभी राहायची, फोटो काढायची आणि पुटपुटायची, "हे मिळालं. हे बी मिळालं." एका घरी तिथल्या सुनेनं तिला विचारलं, "म्हंजे हे तुमी काढलं? आमी समजत होतो मशीन काढते." वहिनीच्या आधी आबा म्हणाले, "मशीन काय काढते? आमची सून काढते." आणि मग आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन त्यांनी तिसरा पेढा तोंडात टाकला.

दिवस कलायला आला तेव्हा आम्ही घरी परतलो. बेज्जूरहून, निर्मलहून फोटो येतच होते. त्यांवरून नक्ष्या पुन्हा आखायला महिने लागणार होते, पण त्या होत्या. दादानं लोखंडी दरवाज्यांचा कॅटलॉग आत्याच्या चहाच्या पातेल्याखाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. बोलला काहीच नाही. आमच्या घरात असंच बोलतात.

वहिनी ओसरीवर बसून फोटो चाळत होती. एकदा चाळले, पुन्हा चाळले.

"काय शोधता?" मी विचारलं.

"एक नाई भेटलं."

"कोणतं? कोणाच्या घरी आहे सांगा, उद्या जाऊ."

"कोनाच्याच घरी नाई," ती म्हणाली. "ते कधी कोरलंच नाई."

मग मला कळलं. मोहाची फुलं. सगळ्या जिल्ह्याच्या दारांवर तिची एकेक नक्षी सुरक्षित होती, आणि फक्त आपल्या घरासाठी काढलेली तेवढी गेली होती, कारण तेवढीच आम्ही कधी कोणाला दिली नव्हती. स्वतःलासुद्धा नाही.

आबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते आत गेले, कपाटाच्या खालच्या खणातून पेचकस घेऊन आले आणि आमच्या प्लायवूडच्या दाराशी उकिडवे बसले. पहिल्या बिजागरीचा स्क्रू गंजला होता. पेचकस सटकत होता.

"उद्धवा, काय करून राह्यला?" आत्या आतून ओरडली. "सांजच्याला दार काढते का कोनी? चोर आला म्हंजे?"

"येऊ दे," आबा म्हणाले. "नेण्यासारखं जे होतं ते तू धुतलं."

आत्या पदरात तोंड घालून हसली. दादा पुढे झाला. मला वाटलं, तो आबांना उठवणार. त्यानं पेचकस घेतला, खालचा स्क्रू काढला, वरचा काढला, आणि दोघा बापलेकांनी दार दोन्ही बाजूंनी धरून उचललं. जाताना ते नेहमीप्रमाणे चौकटीत अडकलं, तेव्हा दोघांनीही एकदमच त्याला लाथ मारली. दार सुटलं. ते त्यांनी अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं आणि रस्त्यावरचा उजेड सरळ आमच्या ओसरीवर आला.

आबा वहिनीकडे वळले. "ते मोहाचं आठवते का तुले?"

"नाई, आबा. पुरतं नाई आठवत."

"मंग नवं काढ. घाई करू नको, आरामानं..." ते थांबले. मोकळ्या चौकटीकडे पाहिलं. रस्त्यावरून जाणारा एक माणूस आत डोकावून गेला.

"नाई," आबा म्हणाले. "घाईच कर. आता दार नाई आपल्याले."